एमबीए सीईटीचं गणित: कर्जत-खालापूरकरांसाठी एक कृती

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न असतात आणि वेळ असतो १५० मिनिटं. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, इंग्रजीचे ५० आणि गणिताचे ५०. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅलक्युलेटर नाही, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि उत्तर चुकलं तर गुण कापले जात नाहीत. तयारी कशी करायची ते खरं तर एवढ्यावरूनच ठरतं. पण बहुतेक मुलं पहिल्याच आठवड्यात वीटभर जाडीचं पुस्तक आणतात, संख्यापद्धतीच्या पहिल्या प्रकरणाला बसतात आणि दिवाळीपर्यंत लसावि-मसावितच असतात. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते. तेव्हा पुस्तक उघडायच्या आधी करायची कामं वेगळी आहेत.

सामान फार लागत नाही. संगणकावर सोडवता येतील असे सात-आठ जुने किंवा सराव पेपर, बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तकं, एक शंभर पानी वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. बालभारतीची पुस्तकं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पहिलं काम: काहीही अभ्यास न करता एक अख्खा पेपर १५० मिनिटं लावून सोडवायचा. किती गुण पडले ते त्या दिवशी महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातले फक्त गणिताचे प्रश्न घ्यायचे, चुकलेले आणि सोडून दिलेले. उत्तरं न बघता आणि घड्याळ उलटं ठेवून ते पुन्हा सोडवायचे, कितीही वेळ लागो. मग त्यांचे तीन ढीग होतात. काही प्रश्न निवांत बसल्यावर सुटले. काही किती वेळ घेतला तरी सुटले नाहीत. आणि काही असे की रीत बरोबर होती, पण आकडा उतरवताना चूक झाली किंवा विचारलं होतं एक आणि काढलं दुसरंच.

हे तीन वेगवेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. पहिल्या ढिगाला वेग हवा, दुसऱ्याला शाळेचं पुस्तक हवं, तिसऱ्याला वही हवी. वाणिज्य किंवा कला शाखेतली मुलं ‘माझं गणित कच्चं आहे’ असं म्हणत येतात आणि पुष्कळदा त्यांचा पहिला ढीगच मोठा निघतो. त्यांना गणित येत असतं, ४५ सेकंदांत येत नसतं. अशा मुलाला पुन्हा सगळी प्रकरणं शिकवणं म्हणजे त्याचे चार महिने वाया घालवणं.

दुसऱ्या ढिगापासून सुरुवात करा, कारण तो लवकर आटोपतो. सीईटीतलं बरंचसं गणित शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काम-काळ आणि वेग-अंतर एवढ्यात असतं, आणि यातलं बहुतेक आपण सातवी-आठवीतच शिकलेलो असतो. दहावीच्या बीजगणितात सहा प्रकरणं आहेत. त्यातली दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता ही चार नीट करा. भूमितीतून पायथागोरस, समरूपता आणि महत्त्वमापन. रचना सोडा, प्रमेयांच्या सिद्धता सोडा. क्रमचय-संचय मात्र शाळेच्या पुस्तकात नाही. त्यातली साधी निवड आणि साधी मांडणी एवढंच करा, गोलमेजाभोवती माणसं बसवण्याच्या नादी लागू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक जोडकाम. पेपर इंग्रजीत असतो. बालभारतीचं तेच पुस्तक इंग्रजी माध्यमाचंही आहे, तेच प्रकरण, तेच उदाहरण. दोन्ही शेजारी उघडून उदाहरणसंग्रह वाचायचा. ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘सक्सेसिव्ह’, ‘रिस्पेक्टिव्हली’ असल्या वीस-पंचवीस शब्दांवर गुण जातात. ते वहीच्या शेवटच्या पानावर उदाहरणासकट लिहा, नुसता अर्थ लिहून उपयोग नाही.

आता वेग. इथे जरा थांबायला हवं, कारण गुण खरे इथे आहेत. बाजारात ‘वैदिक गणिता’चे क्लास भरपूर आहेत. तिथे ९९७ गुणिले ९९४ झटक्यात करून दाखवतात, आणि परीक्षेत तसा गुणाकार क्वचितच येतो. येतात ते २५ टक्के, साडेबारा टक्के, दीडपट, पाऊणपट. यासाठी आपल्याकडे जुनं आणि चोख साधन आहे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडून ऐका, आजोबांना अजून पाठ असण्याची शक्यता बरीच आहे. ३६ वर २५ टक्के वाढ म्हणजे छत्तिसाची सवायकी, ४५. ४८ चे ७५ टक्के म्हणजे पाऊणकी, ३६. ३४ ची दिडकी ५१, १८ ची अडीचकी ४५. हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला कच्च्या कागदाकडे बघावंच लागत नाही.

त्याच्या जोडीला अपूर्णांकांची शेकडेवारी पाठ करा. एक षष्ठांश १६.६७, एक सप्तमांश १४.२९, एक अष्टमांश १२.५, एक नवमांश ११.११, एक अकरांश ९.०९. म्हणजे ८०० रुपयांवर साडेबारा टक्के सूट म्हटलं की ८०० भागिले ८, शंभर रुपये, विषय संपला. तीसपर्यंत पाढे, तीसपर्यंत वर्ग, बारापर्यंत घन. रोज सकाळी दहा मिनिटं, आणि तोंडी. लिहून पाठ केलेलं परीक्षेत लिहूनच आठवतं.

मग रीती. रीत पुस्तकातल्या अ आणि ब या गावांवर शिकण्यापेक्षा रोज दिसणाऱ्या गोष्टींवर शिकलेली टिकते. कर्जत ते खोपोली १५ किलोमीटर आहे. लोकल २५ मिनिटांत पोचते असं धरा: तासाला ३६ किलोमीटर. ३६ ला ५ ने गुणून १८ ने भागा: सेकंदाला १० मीटर. आता गाडी २४० मीटर लांब समजा. खांब ओलांडायला २४ सेकंद. फलाट २६० मीटरचा समजला तर गाडी आणि फलाट मिळून ५००, म्हणजे ५० सेकंद. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत जाताना हे चार वेळा मनात करून बघा, आगगाडीच्या उदाहरणांची भीती उरणार नाही.

खोपोलीहून लोणावळ्याला घाट चढताना गाडी ताशी ४०, त्याच वाटेने उतरताना ६०. सरासरी किती? पन्नास म्हणणाऱ्यांसाठीच पर्यायांत ५० ठेवलेले असतात. अंतर १२० धरा (खरं किती आहे याला महत्त्व नाही, दोन्हींनी भाग जाणारा आकडा हवा). जाताना ३ तास, येताना २, एकूण २४० भागिले ५: ताशी ४८.

काम-काळाला कर्जतची भातलावणी घ्या. १२ जणी ५ दिवसांत शेत लावतात, म्हणजे काम ६० दिवसमजुरीचं. दोन दिवसांनी तिघी दुसऱ्याच्या शेतावर गेल्या. झालं २४, उरलं ३६, आता ९ जणी, अजून ४ दिवस. समीकरण मांडायची गरजच पडली नाही. नळ आणि टाकीचं गणितही असंच सुटतं: एक नळ १२ तासांत भरतो, दुसरा १८ तासांत, तर टाकी ३६ बादल्यांची धरा. तासाला ३ आणि २, मिळून ५. म्हणजे ३६ भागिले ५, सव्वासात तासांना जरा कमी. मिश्रणाला ६० रुपये आणि ९० रुपये किलोचे तांदूळ घ्या, ७० चं मिश्रण हवंय. नव्वदातून सत्तर गेले २०, सत्तरातून साठ गेले १०. स्वस्त तांदूळ दोन भाग, महाग एक.

आणि पर्यायांकडून उलटं येणं. हे बऱ्याच जणांना लबाडी वाटतं, शाळेत पायऱ्यांना गुण असतात म्हणून. इथे पायऱ्या कुणी बघत नाही. आईचं वय मुलाच्या चौपट आहे आणि ५ वर्षांनी तिप्पट होईल, तर आईचं वय किती? पर्याय ३२, ३६, ४०, ४४, ४८. प्रत्येकात ५ मिळवा आणि तीनने भाग जातो का बघा. ३७, ४१, ४५, ४९, ५३. एकट्या ४५ ला जातो. उत्तर ४०, दहा सेकंदांत.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? कॉलेज किंवा नोकरीसाठी कल्याण-ठाण्याकडे जाणाऱ्यांचा दिवसाचा मोठा तुकडा लोकलमध्ये जातो. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता असते, ती वेळ २० प्रश्न १५ मिनिटांत अशा छोट्या संचांसाठी ठेवा. संच घरूनच उतरवून घ्या, वाटेत मोबाइलला रेंज असेलच असं नाही. परतीच्या गर्दीत उभ्याने वही उघडता येत नाही, तेव्हा पाढे आणि शेकडेवारी. पूर्ण पेपर मात्र गाडीत नको, तो सुट्टीच्या दिवशी घरी संगणकावर, परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळेला. आठवड्यातून सहा दिवस कर्जत-कल्याण करून क्लासला जाण्याच्या मी विरुद्ध आहे. जाऊन-येऊन दोन तास, शिवाय थकवा. शनिवार-रविवारचा क्लास मिळाला तर ठीक, नाहीतर वरच्या सामानात भागतं.

तिसरा ढीग, म्हणजे चूकवही. प्रत्येक सराव पेपरनंतर चुकलेला प्रश्न, आपण काय केलं आणि का चुकलं हे एका ओळीत. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायला बंदी, त्यातून काही कळत नाही. ‘वाढ मूळ किमतीवर हवी होती, विक्रीवर धरली’ असं लिहा. तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, पुन्हा दहा दिवसांनी. महिन्याभरात दिसेल की चुका पन्नास प्रकारच्या नसतात, पाच-सहाच असतात आणि त्याच फिरून येतात. पेपर सोडवायला जेवढा वेळ लागला तेवढा तरी तपासायला द्या. रोज एक पेपर सोडवून तपासणी टाळणारे कष्ट भरपूर करतात आणि होते तिथेच राहतात.

प्रत्यक्ष पेपरात गणितासाठी तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचायचा. रीत लगेच दिसली तर सोडवायचा, नाही तर खूण करून पुढे. दहा सेकंद झाले आणि पेन हललं नाही, तर तो प्रश्न या फेरीचा नाही. दुसऱ्या फेरीत खुणा केलेल्यांपैकी मिनिट-दीड मिनिटात सुटतील ते. गणिताला चाळीस मिनिटांच्या आसपास थांबा, तर्काच्या ७५ प्रश्नांची वेळ खाऊ नका. तिसरी फेरी शेवटच्या तीन मिनिटांची: एकही जागा कोरी सोडायची नाही. पाच पर्यायांत अंदाजाने मारलेल्या दहा प्रश्नांतून सरासरी दोन गुण येतात. एकच पर्याय ठरवा आणि राहिलेल्या सगळ्या जागी तोच भरा, विचारात वेळ घालवू नका. जमनालाल बजाजसारख्या संस्थेसाठी पर्सेंटाइल नव्व्याण्णवच्या वर लागतं, आणि तिथे एकेक गुण बऱ्याच मुलांना मागे टाकतो.

कॅट देणाऱ्यांनी ही तिसरी फेरी जशीच्या तशी उचलू नये. तिथे गणिताचे २२ प्रश्न आणि ४० मिनिटं, बरोबरला ३, पर्यायी प्रश्न चुकला तर उणे १. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तर सरासरी शून्य. एक पर्याय नक्की खोडता आला तरच मारण्यात फायदा. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत. पडद्यावर कॅलक्युलेटर असतो, पण त्याच्यावर विसंबलात तर २२ प्रश्न बघूनही होणार नाहीत. परदेशी जाण्यासाठी जीमॅट देणाऱ्यांना गणिताचे २१ प्रश्न ४५ मिनिटांत, कॅलक्युलेटरशिवाय. नव्या रचनेत त्या विभागातून भूमिती गेली आहे.

परीक्षेच्या महिन्यात नवं प्रकरण उघडू नका. चूकवही, पाढे आणि आठवड्याला दोन पेपर. हॉलतिकीट आलं की केंद्राचा पत्ता नीट वाचा आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका पुन्हा एकदा चाळा, प्रश्नांची विभागणी बदललेली असेल तर तिथे कळते. केंद्र कर्जतबाहेर पडलं आणि सत्र सकाळचं असेल, तर आदल्या रात्रीच कल्याण किंवा पनवेलला नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. खोपोलीच्या गाड्या मुळात मोजक्या, एक चुकली तर पुढचीची वाट बघण्यात वेळ जातो. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि रविवार हा मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकचा दिवस, तेव्हा शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचं वेळापत्रक बघूनच गाडी ठरवा.