ओंजळभर पाणी



सामाजिक न्याय म्हटला की आपल्याला मोर्चे, कायदे आणि मोठे पुढारी आठवतात. आपल्या माणगावजवळचे महाड मात्र वेगळा धडा देते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला. 1924 साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तिथे पाणी भरता येईना. न्याय कागदावरच राहिला.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. कायदा वाट दाखवतो, पण त्या वाटेवरून चालावे माणसालाच लागते.

तहानेल्याला पाणी दिले का, असे प्रभू येशू शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारणार आहे (मत्तय 25). मग आपण स्वतःलाच विचारूया. शेतावर, वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बांधवाला आपण पाणी कोणत्या पेल्यातून देतो? ठरलेली मजुरी वेळेवर देतो, की खेपा घालायला लावतो? ग्रामसभेत त्याच्या शेजारी बसतो का? दान देणे आपल्याला सोपे वाटते. बरोबरीने वागवणे जड जाते.

या आठवड्यात रेशनकार्डाचा एक अर्ज भरून देऊया, एक थकलेली मजुरी चुकती करूया. सुरुवात आपल्याच उंबऱ्यापासून होऊ दे.