ऊन पाण्याचा झरा : पहिल्यांदा जाताना



'गरम पाण्याचा झरा बघायला चला' म्हटलं की आपल्या सोलापूरच्या मुलांना हसू येतं. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतही गरमच पाणी असतं की! पण चूल नाही, बंब नाही आणि जमिनीतून आपोआप वाफाळतं पाणी वर येतंय, हे दृश्य वेगळंच. शाळेची सहल कोकणात गेली तर असा झरा भेटू शकतो. म्हणून आधीच थोडी माहिती घेऊ या.

नावातच 'ऊन'

दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. या सगळ्या नावांत 'ऊन' आहे. ऊन म्हणजे उष्ण. वज्रेश्वरी, तुरळ, राजवाडी इथेही असे झरे आहेत. जपानी भाषेत अशा झऱ्याला 'ओनसेन' म्हणतात. ओन म्हणजे गरम आणि सेन म्हणजे झरा. ऊन आणि ओन हा मात्र केवळ योगायोग, बरं का!

पाणी तापतं कसं?

जपानात अनेक ठिकाणी ज्वालामुखीच्या उष्णतेने पाणी तापतं. कोकणात जागता ज्वालामुखी नाही. तिथे पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना खडकातले क्षार सोबत आणतं. काही ठिकाणी गंधकाचा वास येतो तो त्यामुळेच.

आधी अंघोळ, मग कुंड

जपानी माणूस ओनसेनच्या हौदात उतरण्याआधी बाजूला बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करतो. अंगावरचा साबण पूर्ण धुतल्यावरच हौदात शिरतो. तिथे स्त्री-पुरुषांचे हौद बहुधा वेगळे असतात आणि कपडे काढूनच उतरायची रीत आहे. लांब केस वर बांधतात. सोबतचा छोटा टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत, काहीजण घडी करून डोक्यावर ठेवतात. टॉवेलांच्या गावातल्या आपल्याला ही गंमत आवडायला हवी!

आपल्याकडे कपड्यांनिशी उतरतात, ती रीत वेगळी. पण मूळ नियम दोन्हीकडे लागू पडतो. कुंड मळ काढायला नाही, अंग शेकायला आहे. म्हणून कुंडात साबण लावू नका, कपडे धुऊ नका.

हे विसरू नका

1. आधी हात लावून पाहा. ओनसेनच्या हौदातलं पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं. कोकणात काही झऱ्यांच्या मुखाशी ते 60 अंशांच्याही वर जातं. तिथे काही सेकंदांत भाजतं.
2. पाच-दहा मिनिटांत बाहेर या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा.
3. डुबकी नको. कोमट, गोड्या पाण्यात एक घातक अमीबा असू शकतो. तो नाकातून शिरतो. डोकं पाण्याबाहेरच ठेवा.
4. घरातल्या कुणाला हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं.

पाणी सगळ्यांचं

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव इथेही गरम पाण्याचा झरा आहे. त्याच महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाण्यावर प्रत्येकाचा हक्क आहे, हे त्यांनी देशाला दाखवलं. हक्क सगळ्यांचा, तशी जबाबदारीही सगळ्यांची. माझ्यानंतर या कुंडात कुणीतरी उतरणार आहे, मग तो कोणीही असो, त्याला स्वच्छ पाणी मिळालं पाहिजे. नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, नाही का?

स्वाध्याय

1. कोकणातल्या झऱ्याचं पाणी कसं तापतं? आकृती काढून सांगा.
2. 'ऊन' हा शब्द असलेली आणखी गावं नकाशात शोधा.
3. तुमच्या गल्लीतल्या किंवा शाळेतल्या सार्वजनिक पाण्यासाठी पाच नियम तयार करा.