तेव्हा मान कुठे वळली होती?

तान्ह्या बाळाचा ‘एक हात आखडतोय’ असं कुणी म्हटलं, तर आधी विचारावं, तपासताना त्याची मान कुठे वळली होती?

माझा मुलगा अडीच महिन्यांचा असताना कामशेतजवळच्या एका शिबिरात दाखवला. मावळातला जुलै, अंगात स्वेटर, डोक्याला कुंची, वर दुपट्याचा घट्ट गुंडाळा. न्हाऊमाखू घालून पाजलेलं पोर पवनानगरपासून जीपमध्ये झोपलेलं. दुपटं अर्धंच सोडलं, मान डावीकडे कलंडलेली तशीच ठेवून हात ओढून पाहिले. ‘उजवा आखडतोय, अंग ढिलं आहे, मेंदूचा एमआरआय करा.’ सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले.

पुण्यातल्या बालविकासतज्ज्ञ बाईंनी आधी हातच लावला नाही. ‘उठू दे त्याला.’ खोली उबदार केली, उठल्यावर थोडं पाजायला लावलं, मग लंगोटापर्यंत उघडा करून नुसतं बघत बसल्या. मान मधोमध धरून हातपाय तपासले. दोन्ही बाजू सारख्या. मग मुद्दाम मान डावीकडे वळवली. डावा हात लांब झाला, उजवा कोपरात दुमडला, तलवारबाजासारखा! या वयात हे व्हायचंच. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत जातं. आणि पेंगलेल्या बाळाचं अंग ढिलं पडणारच, रडणाऱ्याचं ताठ.

म्हणून मालिश-अंघोळ उरकून लगेच तपासायला नेऊ नये. जागं, शांत असताना उताणं ठेवून, खेळणं न दाखवता, मोबाइलवर दोन-तीन मिनिटं चित्रण करावं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मान, मनगटं, घोट्यांत बारीक चुळबुळ सतत चालते. हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांनी ती नुसत्या निरीक्षणाने वाचायला शिकवलं. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, पुढे तिसऱ्या महिन्यापासून दर तिमाहीला. बाळ घरीच खरं दिसतं, तेव्हा त्यांना उघडं बाळ दाखवावं.

एका तपासणीवर निकाल लावू नये. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ पासून कमी वजनाच्या बाळांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, तुलनेला पूर्ण दिवसांची बाळंही ठेवली. इतकी चिकाटी लागते.

मात्र अडीच महिने उलटूनही बाळ चेहरा बघून हसत नसेल, चार महिन्यांनंतर मान धरत नसेल, अंगठा आत घालून मूठ सदा मिटलेली असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. (आधी जन्मलेल्याच्या वयातून तेवढे आठवडे वजा करावेत.) सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा डाव्याच हाताने घेऊ लागलं, की आमच्याकडे ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक सुरू होतं. वर्षाच्या आत अशी निवड ठरत नसते. तेव्हा उजवा हात तज्ज्ञांना दाखवावा.