जहाजाची प्रतिकृती आणि अचूकतेचे गणित

भिलाईतील सुपेला या वस्तीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेशी या परिसराचे नाते आहे. कोचीच्या गोदीत बांधलेल्या या नौकेसाठी लागलेले विशेष पोलाद भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले. या नौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृती करावयाची झाल्यास कोणती काळजी घ्यावी लागेल, ते पाहू.

विक्रांतची लांबी २६२ मीटर व कमाल रुंदी ६२ मीटर आहे. १ : २०० हे प्रमाण घेतल्यास प्रतिकृती १३१ सेंटीमीटर लांब व ३१ सेंटीमीटर रुंद होईल. नौकेचा २० मिलीमीटर जाडीचा पत्रा प्रतिकृतीत ०.१ मिलीमीटरचा, म्हणजे लिहिण्याच्या कागदाएवढा, होईल. उलट, प्रतिकृतीतील एका मिलीमीटरची चूक म्हणजे मूळ नौकेतील २० सेंटीमीटरांची चूक होय.

म्हणून सांगाड्याच्या फासळ्यांची ठिकाणे आखताना एका खुणेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, असे मोजीत जाऊ नये. दर वेळी अर्धा मिलीमीटर अधिक मोजला गेला, तर वीस अंतरांनंतर चूक एक सेंटीमीटर होते. मूळ नौकेच्या हिशेबाने ती दोन मीटर भरते! सर्व मापे एकाच आरंभबिंदूपासून घेतल्यास चुका साठत नाहीत.

आता वजनाचा विचार करू. नौका जितके पाणी बाजूस सारते, तितकेच तिचे वजन असते. विक्रांतच्या बाबतीत ते पूर्ण भारासह सुमारे ४३,००० टन आहे. प्रतिकृतीसाठी या संख्येस २०० ने भागून चालणार नाही. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे २०० पटींनी घटतात. म्हणून घनफळ ८० लक्ष पटींनी घटते. त्यानुसार प्रतिकृतीचे वजन सुमारे ५.४ किलोग्रॅम येते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे गावच्या तलावात ते सुमारे ५.२ किलोग्रॅम ठेवावे लागेल.

इतका भार आत समतोल ठेवून प्रतिकृती पाण्यात सोडावी. ती जलरेषेच्या खुणेपर्यंत बुडाली, तर काम अचूक झाले असे समजावे. सर्व मापे दोन टक्क्यांनी वाढली असतील, तर घनफळ सहा टक्क्यांनी वाढते व प्रतिकृती वर तरंगते. रंगाने व चकाकीने डोळ्यांना फसविता येते. पाण्याला फसविता येत नाही.

प्रश्न : १ : १०० या प्रमाणात विक्रांतच्या प्रतिकृतीची लांबी व वजन किती येईल?