कुट्टी यंत्राचा संरक्षक स्विच व त्याची जोडणी

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात लोटे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. भोवतालच्या गावांत भातशेती व दुभती जनावरे आहेत. कारखान्यातील यंत्राचे झाकण उघडताच ते थांबविणारा संवेदक असतो. घरच्या कुट्टी यंत्रावर तो बहुधा नसतो. पात्यांपुढे येणारा हात मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. १९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियमात शेतीतील शक्तिचालित मळणी यंत्राची गणना धोकादायक यंत्रांत केलेली आहे. कुट्टी यंत्राच्या बाबतीतही तेवढीच दक्षता घेणे इष्ट होय.

मूळ तत्त्व

नुसता स्विच बसविल्याने संरक्षण मिळत नाही. झाकण उघडल्यावर प्रवाह सुरू होऊन यंत्रास थांबण्याचा संदेश जाईल, अशी जोडणी चुकीची आहे. उंदराने तार कुरतडली किंवा कोकणच्या पावसाळी हवेत जोड गंजला, तर तो संदेश पोहोचत नाही आणि अपघात होईपर्यंत दोष कळत नाही. याच्या उलट जोडणी करावी. झाकण बंद असताना स्विचमधून सतत प्रवाह वाहावा व त्यावर रिले धरलेला राहावा. झाकण उघडले, तार तुटली किंवा पुरवठा गेला, तर रिले सुटतो व मोटार बंद पडते. म्हणजेच असा दोष उद्भवताच यंत्र थांबते.

पुरवठा व जोडणी

१. स्विचच्या मंडलास मोटारीचा दाब देऊ नये. त्यासाठी २४ व्होल्टचा वेगळा एकदिश पुरवठा घ्यावा व त्यास स्वतंत्र फ्यूज असावा.

२. पुरवठ्याचे ऋण टोक व यंत्राचा सांगाडा भूसंपर्कित करावा. स्विच धन बाजूस ठेवावा. मग त्या बाजूची तार सांगाड्यास लागल्यास फ्यूज जातो व यंत्र थांबते. स्विच ऋण बाजूस असल्यास तीच चूक त्याला वगळून यंत्र चालू ठेवू शकते.

३. चारा भरण्याच्या तोंडाशी असलेले लाल बटण याच मंडलात एकसर जोडावे.

४. केवळ स्प्रिंगवर विसंबणारा स्विच नको. झाकण उघडताना ज्याचे संपर्क यांत्रिक रेट्याने विलग होतात, असा स्विच घ्यावा.

५. वीज परत आल्यावर किंवा झाकण लावल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. ते चालू बटण दाबल्यावरच सुरू व्हावे.

हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे.

एक सावधगिरी

मोटार बंद झाली तरी पाती बसविलेले वजनदार चाक काही वेळ फिरतच राहते. ते पूर्ण थांबल्याखेरीज आत हात घालू नये. अडकलेला चारा काढण्यापूर्वी मुख्य स्विचही बंद करावा.

रोज काम सुरू करताना, चारा न घालता, पात्यांपासून दूर उभे राहून झाकण किंचित उचलून पाहावे. मोटार तत्काळ बंद न झाल्यास त्या दिवशी यंत्र वापरू नये. काम खोळंबते म्हणून स्विचची दोन टोके तारेने जोडून टाकण्याची सवय घातक आहे. अशा यंत्रावर झाकण दिसते, पण संरक्षण उरत नाही. आणि त्यावर विश्वासून हात घालणारा बहुधा घरचाच माणूस असतो.