पावसाळ्यापूर्वी गोठ्याची तयारी



रोहिणी नक्षत्र लागले की आपण बियाणे आणि खताची चौकशी करू लागतो. गोठ्याची आठवण मात्र पहिले जनावर आजारी पडल्यावर होते. सावली तालुक्यातल्या आपल्या घरांत एक म्हैस म्हणजे मुलांची फी, किराणा आणि कर्जाचा हप्ता. आपल्या राज्यात गाईंबरोबर बैलांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २००५ साली कायम केली. तेव्हा मांसासाठी गाई-बैल पोसणे हा आपला धंदा नाही. दूध आणि ओढकाम हीच आपली मिळकत, आणि ती जनावराच्या प्रकृतीवर अवलंबून आहे.

१. लस : घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी टोचून घ्यावी. लशीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये. घटसर्पात अंगात सणकून ताप भरतो, गळा सुजतो, श्वासाची घरघर सुरू होते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावते. म्हशींना हा रोग अधिक मारक. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या धडधाकट जनावरांना होतो. मांडीवरची सूज दाबली तर चरचर आवाज येतो. लाळ-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी घ्यावी. २०२२ साली गुजरातेत लम्पी रोगाने पुष्कळ गाई गेल्या. डास, माश्या व गोचिडांमुळे तो पसरतो. त्याची लसही चुकवू नये.

२. गोठा : जमिनीला उतार द्यावा, मूत्र साचू देऊ नये. गोचिडे भिंतींच्या भेगांत अंडी घालतात. त्या भेगा लिंपून चुना लावावा. सायंकाळी धूर केल्यास डास कमी होतात, पण गोठ्यात हवा खेळती हवी.

३. चारा : कडबा आणि पेंढा उंचावर, कोरड्या जागी रचावा. बुरशी लागलेला चारा जनावराला घालू नये. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताने पोट फुगते, हगवण लागते. म्हणून आधी थोडा सुका चारा घालून मगच चरायला सोडावे. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी असते. ती खाऊन जनावर काही मिनिटांतही मरू शकते. फुलोरा आल्यावरच ती कापावी.

४. जंत : डबक्याकाठच्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे जंत होतात. जनावर खाते, पण अंगी लागत नाही. पावसाळ्याच्या आधी व नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजावे आणि डबक्यातले पाणी पाजणे टाळावे.

५. माणसांची प्रकृती : गाभण जनावर दिवस भरण्यापूर्वी गाभडले, तर त्या वासराला व वारेला उघड्या हाताने शिवू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. ताप पुन्हा पुन्हा येतो व सांधे दुखतात. दूध नेहमी उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या पाड्या व पारड्यांना या रोगाची लस एकदा टोचली की पुरते.

आजारी जनावर ताबडतोब वेगळे बांधावे. त्याचे पाणी, घमेले निराळे ठेवावे. एवढे करून दूध मंडळीमार्फत डॉक्टरांना बोलवावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. घरगुती उपायांत रात्र घालवली तर घटसर्प सकाळची वाट पाहत नाही. जनावर दगावलेच, तर त्याला मही नदीत किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. आपला हलगर्जीपणा शेजाऱ्याच्या गोठ्याला भोवतो.

या आठवड्यात एक काम नक्की करू या : आपल्या फळीतल्या सगळ्या जनावरांची यादी करून लशीची तारीख एकाच दिवशी ठरवू. ज्या घरी बाई एकटी गुरे सांभाळते, तिचे जनावरही आपल्या यादीत असावे.