परम्याच्या गोळ्या दोन, उपचार दोघांवर

प्रश्न : मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. महिन्यापूर्वी लघवीला जळजळ होऊन पू यायला लागला. लाजेपोटी दवाखान्यात गेलो नाही, मेडिकलवरून अझिथ्रोमायसिन आणून घेतलं. चार दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. मित्र म्हणतो, दोन अँटिबायोटिक एकदम घे. घेऊ का? बायकोला काहीच त्रास नाही.
– एक वाचक, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलं. लक्षणं परम्याची, म्हणजे गोनोरियाची, वाटतात. पण खात्री तपासणीनंतरच.

परम्याचा जंतू औषधांना लवकर सरावतो. एकेकाळी तो पेनिसिलिनने हमखास बरा होई. १९७६ मध्ये पेनिसिलिन निकामी करणारे जंतू सापडले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनही लागू पडेनासं झालं. अझिथ्रोमायसिन तर आपण साध्या सर्दीलाही घेतो. एकट्या त्याच्यावर परम्यासाठी विसंबता येत नाही.

म्हणून सेफिक्सीम आणि अझिथ्रोमायसिन या दोन औषधांची जोडी. सेफिक्सीम जंतूची भिंत बांधू देत नाही, अझिथ्रोमायसिन त्याची प्रथिनं बनू देत नाही. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. शिवाय परम्यासोबत अनेकदा क्लॅमिडिया हा दुसरा लैंगिक आजार असतो. त्यावर सेफिक्सीमचा भरवसा नसतो, अझिथ्रोमायसिन उपयोगी पडतं. सरकारी दवाखान्यांत हीच जोडी करड्या रंगाच्या पाकिटात देत आले आहेत.

तेव्हा तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. जोडी कोणती, मात्रा किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका रुग्णातल्या जंतूवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही निष्प्रभ ठरली; शेवटी शिरेतून वेगळं औषध द्यावं लागलं. अमेरिकेने २०२० च्या अखेरीस परम्यासाठी जोडी सोडून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची मात्रा वाढवली. जंतू बदलतो तसे उपचारही बदलतात. म्हणून मनाने गोळ्या जुळवू नका.

आता पत्नीबद्दल. स्त्रियांमध्ये हा आजार बरेचदा लक्षणांशिवाय राहतो. आत गर्भनलिकांना सूज येऊन पुढे मूल राहणं अवघड होऊ शकतं. गरोदरपणी संसर्ग असेल तर बाळाच्या डोळ्यांना धोका असतो. तुम्ही एकट्याने औषध घेतलंत, तर तोच जंतू तिच्याकडून परत येऊ शकतो. तिला सोबत न्या. ती गरोदर असेल किंवा कुणाला औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी सांगा.

यवतमाळ लोहाऱ्याला लागूनच आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि लैंगिक आजारांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’ची चौकशी करा. आधी घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट दाखवा. एचआयव्ही आणि गर्मीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणीही करून घ्या. दोघांचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध टाळा. पुढे निरोध वापरा. आठवड्यात आराम पडला नाही, तर पुन्हा दाखवा आणि स्रावाची कल्चर तपासणी करता येईल का, ते विचारा. तोंडी विचारायला संकोच वाटत असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला.

लाज सगळ्यांनाच वाटते. डॉक्टरांना हा रोज दिसणारा आजार आहे. उद्याच जा, दोघंही जा.